बोट बॅलार्ड पिअरला, लाउंज विमानतळावर

क्रूझला जायचं तर कुठलं क्रेडिट कार्ड घ्यावं, हा प्रश्न हल्ली पाटणातही पडायला लागलाय. पडावा की! राज्याचं पर्यटन खातं डिसेंबर २०२४ पासून पाटणच्याच आमदारांकडे आहे. मग सहलीचे प्रश्न काय फक्त कोथरूड-बाणेरवाल्यांनीच सोडवायचे? आपल्या तालुक्यातली निम्मी घरं मुंबई-पुण्यात, त्या घरांतली पोरं आयटीत, आणि त्या पोरांच्या मोबाइलवर दिवसाआड एक गोड आवाज : "सर, तुमचं ट्रॅव्हल कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे. वर्षाला आठ लाउंज व्हिजिट फ्री."

त्या गोड आवाजाला एकच विचारायचं. ताई, क्रूझची बोट सुटते कुठून?

मुंबईची क्रूझ सुटते बॅलार्ड पिअरवरून. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगरच्या कार्यक्रमातून केलं. आता पाटणच्या माणसानं तिथं पोचायचं कसं? मल्हारपेठ, कराड, मग हायवे, मग पनवेल, वाशी, आणि शेवटी लोकलनं सीएसएमटी. या वाटेत पहिला विमानतळ लागतो तो कराडचा. तिथं धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. कराड-चिपळूण रेल्वेचं तर विचारूच नका, ती वर्षानुवर्षं कागदावर वेळेत धावतेय. म्हणजे आठ लाउंज घेऊन आपला गडी एसटीतून उतरणार, वडापाव खाणार आणि बोटीवर चढणार. लाउंज वापरायचंच म्हटलं तर आधी विमानाचं तिकीट काढावं लागेल. त्यातही पुष्कळ बँकांनी आता अट घातलीय : मागच्या तीन महिन्यांत अमुक हजारांचा खर्च कार्डावर केला असेल तरच लाउंजचं दार उघडणार. आधी हजारो उधळा, मग उपमा फुकट.

अमेरिकेत रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल या बोटवाल्यांच्या नावाची कार्डं आहेत. त्यांचे पॉइंट बोटीवरच्या खर्चात वळते होतात, त्यामुळे तिथल्या माणसानं 'क्रूझसाठी कार्ड' शोधलं तर त्यात काही अर्थ तरी असतो. आपल्याकडच्या प्रवासी कार्डांचा जीव विमान कंपन्या आणि पंचतारांकित हॉटेलांत गुंतलेला. जाहिरातीत निळं पाणी दाखवतात ते मालदीवच्या हॉटेलातलं.

आता पॉइंटांचा हिशेब मांडू. पाटणचा माणूस उसाच्या काट्यावर दहा किलोसाठी भांडतो, त्यानं इथं डोळे मिटून सही का करावी?

समजा, दीडशे रुपये खर्चाला ४ पॉइंट, आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे. साधारण कार्डांचा भाव याच्या आसपासच असतो. म्हणजे दीडशेला एक रुपया. नवरा-बायकोची गोव्याची क्रूझ सगळे कर धरून ६० हजारांना पडली असं धरा. ती फुकट व्हायला कार्डावर किती खर्च व्हावा लागेल? ९० लाख रुपये. नव्वद लाख! एवढ्यात कराडला फ्लॅट येईल आणि त्याच्या गॅलरीत बसून कृष्णा-कोयनेच्या संगमाकडे बघता येईल, तेही आयुष्यभर. भारीतलं कार्ड घेतलं, शेकडा तीनचा परतावा देणारं, तरी २० लाख खर्चावे लागतात. वर त्या कार्डाची वार्षिक फी असते. ती १० हजार असली तर १८ टक्के जीएसटी धरून ११,८००. काही बँका तर पॉइंट वापरायला काढले की त्याचेही ९९ रुपये आणि जीएसटी लावतात. आपलेच पॉइंट, आपल्यालाच फी.

हे वीस लाख खर्चायचे तरी कुठं, हा आणखी एक घोळ. पाटणच्या घराचा मोठा खर्च काय असतो? डिझेल, खत, पोरांची फी, कराडच्या दवाखान्याचं बिल, लगीनसराईत सोनं. इंधनावर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. घरभाडं आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांचंही तेच. सोनं, विमा, सरकारी भरणा यांवर कुणी देतं, कुणी देत नाही, आणि कालपर्यंत देणारा आज बंद करतो. राहिला बाजार. तिथं कार्ड पुढं केलंत तर दुकानदार शांतपणे म्हणतो, "चालेल की. दोन टक्के वर पडतील." पाऊण टक्क्याहूनही कमी मिळवायला दोन टक्के मोजायचे.

एवढं करून पॉइंट साठले, तर ते टिकायला हवेत ना. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली आणि तिचे माइल जमवून बसलेले लोक आकाशाकडे बघत राहिले. त्याच महिन्यात मुंबईत 'कर्णिका' नावाची क्रूझ वाजतगाजत दाखल झाली. जलेश कंपनीची. देशी क्रूझचं युग सुरू झालं म्हणून बातम्या आल्या. २०२० च्या ऑक्टोबरात कंपनी बंद पडली आणि नोव्हेंबरात ते १९९० सालचं जहाज गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेलं. त्याआधी २०१८ मध्ये 'आंग्रिया' आली होती. कान्होजींचं नाव, मुंबई-गोवा फेरी, फोटो काढून झाले, तिचाही मुक्काम लांबला नाही. २०२१ पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' आहे. तेही मूळचं १९९० चंच, आधी रॉयल कॅरिबियनकडे चाकरी करून आलेलं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा विस्ताराच्या नावाची कार्डं मिरवणाऱ्यांना बँकांची प्रेमपत्रं गेली : आपल्या कार्डाचे लाभ अमुक तारखेपासून बदलत आहेत. बँकेच्या भाषेत लाभ 'बदलतात', वाढतात क्वचितच.

तेव्हा पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. ज्याची किंमत ठरवायचा, कमी करायचा आणि मुदत संपवायचा हक्क देणाऱ्याकडे असतो, त्याला आपल्या गावात आश्वासन म्हणतात. त्याचा अनुभव आपल्याला दर पाच वर्षांनी येतोच.

आता बिलाकडे. कोपरखैरण्यात आपल्याच खोऱ्यातलं एक घर. बाप माथाडीतून निवृत्त, पोरगा कंपनीत. पोरानं आईबापाला बोटीत फिरवून आणलं, चांगलं केलं. महिन्याभरानं बिल आलं, ते आबांच्या हातात पडलं. पुढचा संवाद जसाच्या तसा :

"ट्रीप पॉइंटावर आली म्हनलास न्हवं? मग ह्ये साठ हजार कशाचं?"

"आबा, ते टोटल. आपण खालचा आकडा भरायचा. मिनिमम ड्यू. तीन हजार."

"आन् वरचं सत्तावन्न कोण भरणार? बोटवाला?"

पोरगा काही बोलला नाही. आबांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, ओझं कुणाच्या पाठीवर आहे हे त्यांना लगेच कळतं.

त्या तीन हजारांचं पुढं काय होतं ते बघा. बाकी राहिले ५७ हजार. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरलं तर १,९९५ रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५९. पुढच्या महिन्याचं बिल निदान ५९,३५४. तीन हजार भरले आणि कर्ज उतरलं साडेसहाशेनं. प्रत्यक्षात उतरतं त्याहून कमी, कारण पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात. आणि त्यानंतर दळण-किराण्याला कार्ड लावलं, तर त्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बोटीवरून उतरलेला माणूस असा वर्षानुवर्षं बोटीतच राहतो.

साडेतीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला बेचाळीस. सावकाराला आपण गावात शिव्या घालतो, तो बिचारा निदान पारावर भेटतो तरी. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये सांगितलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर तीस टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयानं तो निकाल रद्द केला. व्याजदर ठरवणं हे आयोगाचं काम नव्हे, म्हणाले. कायद्यानं बरोबरच असेल. आता बेचाळीस टक्के कायदेशीर आहेत एवढं लक्षात ठेवा आणि बोटीच्या डेकवर फोटो काढा.

आता दुसऱ्या बाजूचं व्याज बघू. ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत एफआरपी द्यायची, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आदेश १९६६ चा. हे १५ टक्के किती जणांच्या खात्यावर जमा झाले, ते तुमच्या शेजाऱ्यालाच विचारा. मात्र याच उसाच्या बिलाच्या भरवशावर ज्यानं कार्ड घासलं, त्याच्याकडून बेचाळीस टक्के एका दिवसाचीही चूक न होता वसूल होतात. त्याचं येणं थकलं तर आंदोलन करावं लागतं, त्याचं देणं थकलं तर एक मेसेज पुरतो.

तसं क्रेडिट कार्ड आपल्या तालुक्याला नवं नाही. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. विकास सोसायटीत जा, सातबारा द्या, आठ-अ द्या, पीकपाणी दाखवा, सचिवाला दोनदा भेटा, जिल्हा बँकेच्या शाखेत रांग लावा. मग पिकाच्या हिशेबानं रक्कम मंजूर होते आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. कटकट फार, पण व्याज बघा : वर्षाच्या आत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरून ३ लाखांपर्यंत शून्य टक्के. पतसंस्थेत ५० हजार मागायला गेलात तर दोन जामीनदार लागतात आणि व्यवस्थापक तुमच्या चपलेपासून टोपीपर्यंत बघून घेतो. हे सगळं अपमानास्पद वाटतं खरं. पण जो उधार देताना इतका खोदून विचारतो, त्याला ते परत हवं असतं. जो काहीच न विचारता फोनवर दोन लाखांची मर्यादा देतो, त्याला तुम्ही वेळेवर फेडू नये असंच वाटत असतं. पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्या गिऱ्हाइकाकडून त्याला व्याजाचा छदाम सुटत नाही.

परदेशी क्रूझवाल्यांचं आणखी वेगळं. सिंगापूर, दुबई किंवा युरोपातल्या बोटीत पाऊल टाकताना तुमच्या कार्डावर आधीच काही रक्कम अडकवून ठेवतात. बोटीवर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या खात्यावर. कॉफी खात्यावर, वायफाय खात्यावर, दारू तर खात्यावरच, आणि दर माणशी दर दिवशी टिपही खात्यावर, तुम्ही कुणाला दिली नाहीत तरी. हा सगळा हिशेब बहुधा डॉलरमध्ये. तो आपल्या कार्डावर आला की बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलनाचं शुल्क लावते, त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. पॉइंटांनी जे पाऊण टक्क्याहूनही कमी दिलं, ते इथं सहापट होऊन परत गेलं. बंदरावर उतरून दुकानात गेलात की मशीन प्रेमानं विचारतं, रुपयांत भरू का? नाही म्हणा. रुपयांत भरलं की दर दुकानदाराच्या मशीनचा लागतो, आणि तो तुमच्या सोयीसाठी ठरवलेला नसतो.

मग क्रूझला कार्ड वापरूच नये? तसं मी म्हणत नाही. एक कारण खरोखर चांगलं आहे, आणि ते जाहिरातीत कुणी सांगत नाही. क्रूझचे पैसे महिनोन् महिने आधी भरावे लागतात आणि मधल्या काळात कंपनीचं काय होईल सांगता येत नाही, हे 'कर्णिका'नं दाखवलंच. रोख किंवा यूपीआयनं दिलेले पैसे मागायला माणूस बंद ऑफिसच्या शटरसमोर उभा राहतो. क्रेडिट कार्डावर भरले असतील तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे तक्रार नोंदवून ती रक्कम परत मागता येते. मिळतेच असं नाही, पण मागायला दार असतं. यासाठी मात्र सोनेरी, काळं, धातूचं असलं कुठलंही कार्ड लागत नाही. आजन्म फी नसलेलं साधं कार्ड हे काम तेवढंच करतं.

या सगळ्यात मला गंमत वाटते ती दुसरीच. पाण्यावरून फिरायला पाटणच्या माणसाला पैसे मोजून मुंबईला जावं लागतं! आपल्या उशाला कोयना धरणाचा शिवसागर आहे, १०५ टीएमसीचा. त्याच्यावर तापोळा-बामणोलीकडे लाँच चालतात, त्यांतून लोक बाजाराला जातात, आजाऱ्याला दवाखान्यात नेतात, वऱ्हाड नेतात. ती क्रूझ नव्हे, कारण तिच्यावर कुणी टाळ्या वाजवून स्वागत करत नाही आणि तिथं उतरणाऱ्याच्या डोक्यावर तांदळाचं पोतं असतं. धरणात ज्यांची गावं गेली, त्यांतल्या कित्येकांनी जमिनीसाठी २०१८ मध्येही कोयनानगरला ठिय्या दिला होता. साठ वर्षांची थकबाकी! तिच्यावर बेचाळीस टक्क्यांनी व्याज लावून बघा, सरकारला अख्खी बॅलार्ड पिअर विकावी लागेल. याच जलाशयावर २०२४ मध्ये जावळीतल्या मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालं. स्पीडबोट आल्या, चांगलं झालं. आता मंत्रिमहोदयांनी कोयनेच्या बाजूलाही लक्ष घालावं. पाटणच्या माणसाला निदान आपल्या पाण्यात आपल्या पैशानं फिरता यावं.

आणि बंदराशी आपलं नातं काही क्रूझपासून सुरू होत नाही. मुंबईच्या मालधक्क्यांवर, मशीद बंदरला, भायखळ्याच्या आणि मग वाशीच्या मार्केटात पाठीवर माल वाहायला गेलेली माणसं याच खोऱ्यांतली. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील ढेबेवाडी खोऱ्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टी मिळाली. त्या पगारातून बाजूला पडलेल्या पैशांवर मागची पिढी शिकली, गावाकडची घरं स्लॅबची झाली. आबांना बोटीत बसवायला पोरानं खर्च केला, त्याला मी नावं ठेवणार नाही. उलट जावंच. पण वर्षभर महिन्याला पाच हजारांचं आवर्ती खातं काढलं असतं, तर साठ हजार आणि वर थोडं व्याज घरात आलं असतं, आणि आबांना कॉफीची चव बिल न आठवता घेता आली असती. आपल्याकडच्या बायका भिशीतून हेच करतात. बायकांना ट्रॅव्हल कार्ड विकायला अजून कुणी फारसं येत नाही, याचं कारण बहुधा हेच.

तेव्हा एवढं सगळं ऐकूनही कार्ड घ्यायचंच असेल, तर माझा निकाल असा. नावात 'ट्रॅव्हल' आहे की 'क्रूझ' की 'एलीट', ते बघू नका. वार्षिक फी शून्य, पॉइंटांऐवजी थेट रोख परतावा, परदेशी जायचं असेल तर चलनाचं शुल्क कमीत कमी. खात्यातून पूर्ण बिल आपोआप वळतं होईल अशी सूचना पहिल्याच दिवशी बँकेला द्या. 'मिनिमम ड्यू'च्या चौकटीत टिक करू नका. हे जमणार नसेल तर आवर्ती खातं काढा आणि पुढच्या वर्षी जा. बोट कुठं पळून जात नाही. गेलीच तर अलंगला जाईल.

आणि ज्यांनी आधीच असलं कार्ड घेऊन ठेवलंय, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ चा नियम. थकबाकी नसेल आणि तुम्ही कार्ड बंद करायला सांगितलं, तर बँकेनं ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं. नाही केलं, तर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये दंड, तोही तुम्हाला. कार्डावर याहून बरा परतावा मला कुठं सापडला नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा.